पाच टनांची अट आणि बार्शी लाईटचं ०-८-४ इंजिन

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बार्शी ही कापसाची मोठी बाजारपेठ होती, पण रेल्वे तिला टाळून गेली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मार्ग कुर्डुवाडीवरून गेला. तिथल्या स्टेशनाला नाव दिलं ‘बार्शी रोड’, आणि खुद्द बार्शी तिथून सुमारे ३५ किलोमीटर लांब. गाठी बैलगाडीत भरायच्या, कुर्डुवाडीपर्यंत आणायच्या आणि तिथे पुन्हा उतरवून चढवायच्या. पावसाळ्यात त्या काळ्या जमिनीवरच्या रस्त्यांची काय दशा होत असेल, ते सोलापूरकरांना सांगायला नको.

या ३५ किलोमीटरसाठी मोठी रेल्वे टाकणं परवडणारं नव्हतं. रुंद रूळमार्ग म्हणजे रुंद भराव, जाड रूळ, दणकट पूल आणि जास्त जमीन. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हा प्रश्न उलट्या बाजूने धरला. तो १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून भारतात आला होता. इंजिन कोणतं घ्यायचं हे आधी ठरवून मग त्याला पेलणारा रूळ शोधायचा, ही नेहमीची रीत त्याने सोडली. स्वस्तात स्वस्त रूळ किती भार सोसेल ते त्याने आधी ठरवलं आणि बाकी सगळी रेल्वे त्या आकड्याभोवती उभी केली. आकडा होता ५ टन. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कुठल्याही एका आसावर, म्हणजे समोरासमोरची दोन चाकं जोडणाऱ्या कण्यावर, ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. बार्शी लाईट रेल्वे कंपनी १८९५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली आणि १८९७ मध्ये गाडी सुरू झाली. दोन रुळांमधलं अंतर होतं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

या अटीतूनच जगात फार थोड्या ठिकाणी दिसलेलं चाकांचं एक गणित बार्शीत आलं. ते म्हणजे ०-८-४.

हा आकडा वाचायचा कसा? वाफेच्या इंजिनाला सगळी चाकं सारख्या कामाची नसतात. काही चाकांना पिस्टनचा जोर मिळतो आणि तीच गाडी ओढतात. ही चाकं बाहेरून दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून एक फिरलं की सगळी फिरतात. आपण त्यांना जोडचाकं म्हणू. बाकीची चाकं नुसता भार वाहतात किंवा वळणावर इंजिनाला वाट दाखवतात. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेतल्या फ्रेडरिक व्हाइट या माणसाने १९०० च्या सुमारास एक सोपी मोजणी रूढ केली. इंजिनाच्या तोंडाकडून मागे यायचं आणि आधी पुढची बिनजोराची चाकं, मग जोडचाकं, मग मागची बिनजोराची चाकं मोजायची. दोन्ही बाजूंची चाकं धरायची. म्हणजे ०-८-४ मध्ये पुढे काहीच नाही, मध्ये आठ जोडचाकं (चार आस), मागे चार चाकं (दोन आस). टँक इंजिन असेल तर शेवटी ‘टी’ लावतात. टँक इंजिन म्हणजे कोळसा-पाणी टेंडरमध्ये (मागे जोडलेल्या वेगळ्या गाड्यात) न ठेवता स्वतःच्याच अंगावर वाहणारं इंजिन. बार्शीची पहिली इंजिनं, म्हणजे ‘ए’ वर्ग, ०-८-४ टी होती. ती लीड्सच्या किटसन कंपनीने बांधली.

आता हिशोब घालू. सहा आस, प्रत्येकावर ५ टन. इंजिन कामाला तयार असताना जास्तीत जास्त ३० टनांचं. त्यातले २० टन चार जोड-आसांवर आणि १० टन मागच्या दोन आसांवर. हे विसातलं आणि दहातलं अंतर समजलं की या इंजिनाचं सगळं शहाणपण समजतं, म्हणून इथे जरा थांबतो.

इंजिन गाडी ओढतं ते केवळ वाफेच्या जोरावर नाही. चाक आणि रूळ दोन्ही पोलादाचे. त्यांच्यातली पकड सुटली की चाक जागच्या जागी गरगर फिरतं आणि गाडी हलत नाही. ही पकड जोडचाकांवर किती वजन आहे त्यावर ठरते. कोरड्या, स्वच्छ रुळावर ढोबळमानाने त्या वजनाच्या पावपट ओढ मिळते. बार्शीच्या इंजिनाला म्हणजे २० टनांच्या पावपट, ५ टन. ही कागदावरची वरची मर्यादा. दव पडलं, रुळावर तेल सांडलं, चिखल आला की ती झपाट्याने खाली येते, म्हणून तर ड्रायव्हर चाकाखाली वाळू सोडतो. मागच्या दोन आसांवरच्या १० टनांचा ओढीला काडीचाही उपयोग नाही. ती चाकं नुसती मागे फरपटत येतात.

मग ती लावलीच कशाला? आठ जोडचाकांचं साधं ०-८-० इंजिन केलं असतं तर सगळं वजन ओढीच्या कामी आलं असतं की. खरं आहे. पण ५ टनांची अट पाळून तसं इंजिन फार तर २० टनांचं झालं असतं. त्या २० टनांत सांगाडा, चाकं, सिलिंडर, बॉयलर, त्यातलं पाणी, टाक्यांतलं पाणी, कोळसा, ड्रायव्हर-फायरमन हे सगळं बसवायचं. मग बॉयलर छोटा करावा लागतो. छोटा बॉयलर वाफ कमी बनवतो. पकड भरपूर असते, पण ती वापरायला वाफ पुरत नाही आणि चढावर इंजिनाचा दम सुटतो. पाणीही वाटेतच संपतं. मागच्या दोन आसांनी जे १० टन पेलले त्यांतून मोठा बॉयलर, जास्त कोळसा, जास्त पाणी मिळालं. ती चाकं स्वतः ओढत नाहीत, पण ओढणाऱ्या चाकांना वाफ पुरवणारा संसार त्यांनी खांद्यावर घेतलेला असतो.

आणखी जोडचाकं लावून ०-१०-० का करू नये, हाही प्रश्न रास्त आहे. पाच जोड-आस म्हणजे २५ टनांची पकड. पण जोडचाकं ताठ सांगाड्यात एका रेषेत बसवलेली असतात. रांग जितकी लांब तितकी ती वळणावर अडते. पुढच्या-मागच्या चाकांच्या कडा रुळाला घासतात, रूळ बाहेर रेटला जातो. आठ चाकांतही ही अडचण असतेच. तिच्यावर इंजिनिअरांनी काही युक्त्या काढल्या होत्या. मधल्या चाकांच्या कडा झिजवून पातळ करायच्या किंवा काढूनच टाकायच्या, किंवा एखाद्या आसाला डावी-उजवीकडे थोडं सरकायला मोकळीक ठेवायची. मागची चार चाकं मात्र वेगळ्या, फिरत्या सांगाड्यावर असतात. रेल्वेच्या भाषेत तिला बोगी म्हणतात, आणि आपण प्रवासी डब्यालाही बोगी म्हणतो ते इथे डोक्यातून काढायला हवं. ही बोगी वळणावर आपली आपण वळते, म्हणून इंजिन लांब होऊनही अडत नाही.

इंजिनाभोवती पुढून मागे चक्कर मारली तर हे सगळं डोळ्यांनी दिसतं. तोंडाशी धुराडं आणि त्याच्या खाली दोन्ही बाजूंना सिलिंडर. पिस्टनचा दांडा एका जोडचाकाला धरलेला आणि तिथून आडवा दांडा बाकीच्या तिघांना. चाकं लहान, एकमेकांच्या जवळ. लहान चाकाला एका फेरीत अंतर कमी कापायचं असतं, म्हणून वेग कमी पण रेटा जास्त. वर बॉयलर आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या, म्हणजे पाण्याचं वजन बहुतांशी जोडचाकांवर. मग ड्रायव्हरची केबिन आणि तिच्या मागे कोळशाची पेटी, दोन्हींचा भार मागच्या बोगीवर. ०-८-४ मध्ये भट्टीचा मागचा भागही जोडचाकांच्या मागे घेता येतो. एरवी भट्टी चाकांच्या मधल्या सापटीत कोंबावी लागते, आणि अडीच फुटी मार्गावर ती सापट किती राहणार!

रुळाच्या बाजूने बघितलं तर ५ टनांची अट म्हणजे चिखलाच्या शेतात फळी टाकून चालण्यासारखी आहे. वजन तेवढंच, पण ते पसरलं की पाय रुतत नाही. इतक्या भाराला यार्डाला ३० पौंडांचा रूळ पुरतो, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो, यावरून बार्शीचा रूळ केवढा नाजूक होता ते कळेल. रूळ हलका म्हणजे पोलाद कमी, स्लीपर कमी जाडीचे, पूल हलके. एकूण खर्चाचा मोठा हिस्सा तिथेच वाचतो, आणि त्यासाठी इंजिनाला दोन आस जास्त लावावे लागले तर तो सौदा फार स्वस्तातला.

पण एवढ्याने भागत नाही, कारण आस सहा लावले म्हणून भार आपोआप सारखा वाटला जात नाही. रूळ कुठे उंच, कुठे खचलेला असतो. उंचवट्यावर आलेल्या चाकावर जास्त भार येतो आणि खळग्यातलं चाक अधांतरी राहतं. म्हणून वाफेच्या इंजिनांत शेजारच्या आसांच्या स्प्रिंगा तरफांनी एकमेकींना जोडण्याची पद्धत असते. एक चाक वर गेलं की तरफ भार शेजारच्या चाकाकडे सरकवते. आराखड्यावरचे ५ टन प्रत्यक्ष धावताना टिकवायचे तर असली बारकी यंत्रणा चोख हवी. मला या इंजिनांत सगळ्यात कौतुक वाटतं ते या भागाचं. धुराड्याकडे आणि दांड्यांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, खालच्या तरफांकडे कुणी बघत नाही.

कॅल्थ्रॉपने डब्यांनाही तोच नियम लावला. मालडबे एकाच मापाच्या दाबीव पोलादी सांगाड्यावर बांधले, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, खाली दोन बोग्या. चार आसांचा डबा म्हणजे भरल्यावर २० टनांची मर्यादा. सांगाडा जितका हलका तितका माल जास्त. जाड लोखंडी तुळयांऐवजी दाबून आकार दिलेला पातळ पत्रा वापरला तो याच कारणाने. लोकांना हे पटवण्यासाठी त्याने लीड्सजवळच्या न्यूले इथे चाचणीचा रूळमार्ग घालून तिथे हे सगळं चालवून दाखवलं. त्या काळी अरुंद रेल्वे म्हणजे खाणीतली किंवा मळ्यातली खेळण्यासारखी गाडी, असा समज होता. सैन्यालाही या प्रयोगात रस होता, कारण अडीच फुटी मार्ग सरहद्दीवर झटपट टाकता येतो.

बार्शीची ही रेल्वे पुढे वाढत गेली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटर झाली. कापसासाठी काढलेली गाडी आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी भरून वाहू लागली. गर्दीपुढे प्रवासी डबे पुरत नसत, तेव्हा मालडब्यांतूनही माणसं जात. एकच भारमर्यादा असल्यावर कुठला डबा कुठे जोडायचा याची चिंता नसते, आणि हा फायदा अशा वेळी खरा कामी येतो. सोलापूर, धाराशिव, लातूर, सांगली भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘बार्शी लाईट’ हे नाव आजही आहे.

मार्ग लांबला तशा ०-८-४ च्या उणिवाही उघड्या पडल्या असणार, कारण त्या या रचनेतच आहेत. पहिली पाण्याची. टाक्या जोडचाकांवर, म्हणजे पाणी संपत जाईल तशी पकडही कमी होत जाते. ३५ किलोमीटरच्या मार्गावर हे खपून जातं, लांब पल्ल्यावर नाही. दुसरी उणीव पुढच्या शून्यात आहे. वाट दाखवणारं चाक पुढे नसल्याने वळणावर रुळाचा सगळा धक्का पहिलं जोडचाक खातं. हळू चालताना हरकत नाही, पण वेग वाढला की इंजिन डोलतं आणि हलक्या रुळाला ते सोसत नाही. उलट्या दिशेने चालताना मात्र बोगी पुढे येते आणि इंजिन सुरळीत जातं. फिरवायला टर्नटेबल नसलेल्या फाट्यावर टँक इंजिन दोन्ही दिशांनी चालवावंच लागतं, तिथे हा गुण निदान एका फेरीत पदरात पडतो. बार्शीच्या पुढच्या ‘बी’ वर्गात किटसननेच पुढेही बोगी लावून ४-८-४ टी केलं. आसांची संख्या आठ झाली, वजन वाढवायला जागा मिळाली आणि दोन्ही टोकांना वाट दाखवणारी चाकं आली. नंतर या मार्गावर टेंडरची २-८-२ इंजिनं आली.

कॅल्थ्रॉपचीच विद्या इंग्लंडमध्ये परत गेली. स्टॅफर्डशरमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली. तिची दोन किटसन इंजिनं २-६-४ टी होती आणि त्यांतल्या एकाला कॅल्थ्रॉपचंच नाव दिलं होतं. भारतात खेड्यासाठी शोधलेला उपाय इंग्लंडच्या खेड्याने उचलला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एरवी आपण रेल्वेच्या इतिहासात तंत्र तिकडून इकडे आल्याचंच वाचतो. (याच माणसाने पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारण्यासाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट बनवलं. हलकं पण भरवशाचं काही करायचं हा त्याचा ध्यासच दिसतो.)

मोठ्या रुळावरही ०-८-४ दिसलं, पण अगदी वेगळ्या कारणांनी. यॉर्कशरमध्ये वाथ इथे १९०७ मध्ये कोळशाच्या वाघिणींचं मोठं यार्ड सुरू झालं. तिथे मधोमध मातीचा उंचवटा होता. इंजिनाने अख्खी मालगाडी मागून रेटत त्यावर चढवायची, माथ्यावर वाघिणी सोडवायच्या आणि पलीकडच्या उतारावरून त्या आपापल्या मार्गावर घरंगळत जायच्या. रेटण्याचा वेग माणसाच्या चालीचा, पण जोर प्रचंड, आणि झटका बसता कामा नये. ग्रेट सेंट्रल रेल्वेच्या रॉबिन्सनने त्यासाठी तीन सिलिंडरची ०-८-४ टी इंजिनं आखली आणि बायर पीकॉक कंपनीने अशी चार बांधली. तीन सिलिंडरांमुळे चाकाच्या एका फेरीत जोर जास्त सारखा मिळतो. सावकाश रेटताना चाक घसरण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. इथे वेग नाही, लांब पल्ला नाही, म्हणजे ०-८-४ ची दोन्ही दुखणी या कामात उद्भवतच नाहीत. वाथचं काम या रचनेला जितकं चपखल बसलं तितकं क्वचितच कुठलं बसलं असेल.

तिसरा नमुना वेल्समधला. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या बीम्सने आखलेली ३० इंजिनं १९२३ पासून इंग्लंडमधल्या क्रू गावच्या कारखान्यात बांधली गेली. दक्षिण वेल्समध्ये ॲबरगॅव्हेनी ते मर्थर या मार्गावर ४० ला १ आणि त्याहूनही उभे चढ आहेत. आपल्या जुन्या बोरघाटाचा चढ ३७ ला १ होता, त्यावरून अंदाज यावा. इथेही पल्ला छोटा आणि पकड महत्त्वाची. इतर देशांत ही रचना फारशी रुजली नाही. वेगाची गाडी ओढायची तर पुढे चाकं लागतात, आणि नुसतं शंटिंग, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवणं, करायचं तर मागची बोगी कशाला, साधं ०-८-० पुरतं. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ज्यांची गरज बसली त्यांनीच ०-८-४ घेतलं.

वाथच्या इंजिनांबाबत पुढे एक धाडसी प्रयोग झाला. मागच्या बोगीवरचं वजन ओढीला फुकट जातं, ही खंत इंजिनिअरांना होतीच. १९३२ मध्ये याच जातीची आणखी दोन इंजिनं बांधली गेली तेव्हा त्यांच्या मागच्या बोगीवर बूस्टर बसवला. बूस्टर म्हणजे बोगीच्या चाकांना फिरवणारं एक छोटं वेगळं वाफेचं इंजिन. जोर लागेल तेवढ्यापुरतं ते जोडायचं आणि काम झालं की सोडवायचं. एका जुन्या इंजिनालाही तो लावला. कल्पना बिनतोड, पण यंत्रणेची उठाठेव वाढली, आणि काही वर्षांनी ते बूस्टर काढून टाकले. १९५० च्या दशकात यार्डात डिझेल इंजिनं आली आणि ही सगळी जात मोडीत गेली.

फुकट जाणाऱ्या वजनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो डिझेल आणि विजेच्या इंजिनांत. तिथे दांडे नाहीत, प्रत्येक आसाला स्वतःची मोटर आणि सगळे आस फिरत्या बोग्यांत, म्हणजे वळणाचीही अडचण नाही. भारतीय रेल्वेचं मालगाडीचं डब्ल्यूएजी-९ इंजिन घ्या. त्यालाही बार्शीच्या ‘ए’ वर्गासारखेच सहा आस, पण वजन १२३ टन आणि त्यातला प्रत्येक टन ओढीच्या कामाचा. आसावर साधारण साडेवीस टन येतात. असं इंजिन बार्शी लाईटच्या रुळावर उभंही राहिलं नसतं, पण ज्या मार्गांवर ती गाडी धावली ते मार्ग या शतकात टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले, आणि पाच टनांची अट तिथे आता उरलेली नाही.